खोक्यातली गिटार : जोडणे आणि घडवणे

आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने इलेक्ट्रिक गिटारीच्या वाटेला कशाला जावं, आणि तेही नवशिक्यांसाठी मिळणाऱ्या, घरी जोडायच्या किटच्या? मी वादक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण 'ही वस्तू मी बनवली' हे एक साधं वाक्य आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत त्या वाक्याचं काय झालं हे पाहायचं असेल, तर मला तरी याहून सोयीचं उदाहरण माहीत नाही.

आधी खोकं उघडू. आत काय असतं? एक लाकडी धड, त्यात यंत्राने कोरलेल्या खोबणी. एक मान, तिच्यावर फ्रेट आधीच ठोकलेल्या. सहा खुंट्या. तारा टेकवायची घोडी; सतारीची घोडी जे काम करते साधारण तेच हिचं काम. प्लास्टिकच्या पातळ फळीवर बसवलेले दोन-तीन पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. थोड्या वायरी, एक जॅक, पिशवीत स्क्रू, आणि तारांचा संच. पुष्कळशा किटमध्ये वायरींना टोकाला खटके असतात, त्यामुळे सोल्डरिंगही करावं लागत नाही. जोडायला एक दुपार पुरते. रंगकामाला मात्र आठवडे लागतात. त्याकडे नंतर येऊ.

मग एखादा तरुण ती गिटार पूर्ण करतो आणि मित्रांना सांगतो, "मी गिटार बनवली." कुणीतरी लगेच म्हणतो, "बनवली कसली? जोडली म्हण." यात दोघांपैकी कोण बरोबर? वरवर पाहता हा पोरांचा वाद आहे. पण कारखान्यात आठ तास उभं राहून एकच खाच पाडणाऱ्या कामगाराला विचारा, "तू काय बनवतोस?" त्याच्या उत्तरावर त्याचा मान ठरतो, पुष्कळदा मजुरीही ठरते. म्हणून मी हा वाद हसण्यावारी नेत नाही.

'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथातला रथाचा दृष्टांत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? बरं, हे सगळे भाग एकत्र म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. वर्गात हा दृष्टांत सांगताना तिसऱ्या प्रश्नावर विद्यार्थी नेहमी अडायचे. सगळे भाग एकत्र आहेत, तरी रथ नाही, असं कसं? किटचं खोकं पाहिलं की ती अडचण उरत नाही. सगळे भाग तिथे आहेत, एकही कमी नाही, आणि तरी गिटार नाही. नागसेनांना त्यातून आत्म्याविषयी बोलायचं होतं. आपण गिटारीपाशीच थांबू.

आता इतिहास. हे वाद्य असं सुट्या भागांत मावू शकलं याचं कारण वीज. जुनी, पोकळ पोटाची गिटार पाहा. तिचा आवाज पोटाच्या पातळ फळीतून येतो. ती फळी किती तासायची, आतल्या पट्ट्या कुठे चिकटवायच्या, यावर वाद्य बोलणार की मुकं राहणार हे ठरतं. मान पोटाला सरसाने कायमची जोडलेली असते. असं वाद्य खोक्यात घालून नवशिक्याकडे पाठवता येतं, नाही असं नाही, पण त्याला खरी सुतारकी लागते. अर्व्हिंग स्लोन यांचं शास्त्रीय गिटार बांधण्यावरचं पुस्तक १९६६ साली निघालं, त्यावरून अनेकांनी घरी गिटारी केल्या. पण ते काम महिन्यांचं.

१९३१-३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशांप हा वादक आणि अडॉल्फ रिकनबॅकर हा धातूकाम करणारा कारखानदार यांनी लोहचुंबकाचा पिकअप लावलेली हवाईयन गिटार काढली. ती ओतीव ॲल्युमिनियमची होती. गोल धड आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला तळायचा तवा म्हणायचे. तिच्या पेटंटला १९३७ साल उजाडलं. या वाद्याला पोकळ पोट नाही. तार हलते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते, बाकी काम ॲम्प्लिफायरचं. धडाचं मुख्य काम आता तारा ताणून धरणं एवढंच राहिलं. लाकडाच्या जातीने आवाज किती बदलतो यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर नवशिक्याने त्या वादात एक रुपयाही घालू नये. पिकअप आणि घोडी यांचा फरक कितीतरी मोठा असतो.

लेस पॉल या वादकाने १९४० च्या आसपास न्यूयॉर्कला, एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी जाऊन एक प्रयोग केला. चार इंच बाय चार इंचांचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर मान, पिकअप आणि तारा चढवल्या. लोकांना ते पाहवेना, म्हणून एका पोकळ गिटारीचं पोट उभं कापून त्याचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले. आवाजाच्या दृष्टीने त्या पंखांचा उपयोग जवळजवळ नव्हता. ते प्रेक्षकांच्या समाधानासाठी होते. गिब्सन कंपनीने त्याला तेव्हा हसून परत पाठवलं आणि १९५२ मध्ये त्याच्याच नावाची भरीव गिटार बाजारात आणली.

आता दोन माणसं शेजारी ठेवू. दोघंही कॅलिफोर्नियाचे, दोघंही एकमेकांना ओळखणारे. पॉल बिग्सबी हा पूर्वी मोटारसायकलींच्या धंद्यात असलेला, साचे बनवण्यात तरबेज कारागीर. १९४८ मध्ये त्याने मर्ल ट्रॅव्हिस या गायक-वादकासाठी एक भरीव गिटार बनवली, सहाही खुंट्या डोक्याच्या एकाच बाजूला असलेली. देखणी वस्तू. पण बिग्सबी एकेक वाद्य स्वतःच्या हाताने करायचा. गिऱ्हाइकाने नंबर लावायचा आणि वाट पाहायची.

दुसरा लिओ फेंडर. जन्म १९०९. शिक्षण हिशेबनिसाचं, नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. आयुष्यभरात तो गिटार वाजवायला शिकला नाही. ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात, मला ती फार महत्त्वाची वाटते. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस वस्तूकडे कसा पाहतो? पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी रेडिओचे सुटे भाग धुंडाळले आहेत त्यांना हे सांगायला नको. व्हॉल्व्ह गेला? काढा, नवा घाला. रेडिओ एकसंध वस्तू नसतोच, तो बदलता येणाऱ्या भागांचा मेळ असतो. लिओने हीच नजर गिटारीला लावली. वादक दुकानात वाद्य घेऊन यायचे, मान वाकलेली, फ्रेट झिजलेल्या. जुन्या पद्धतीत हा मोठा खटला. लिओने मान मेपलच्या एका तुकड्यातून कापली, फ्रेट थेट तिच्यात ठोकल्या, आणि ती धडातल्या खोबणीत ठेवून मागून चार स्क्रूंनी आवळली. सरस नाही. मान खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी लावा.

स्क्रूने मान बसवणारा तो पहिला नव्हता. रिकनबॅकर कंपनीची १९३५ ची बेकेलाइटची गिटार अशीच सुटी व्हायची, आणि बँजोची मान तर पूर्वीपासून सुटी होते. पण सगळं वाद्यच त्या तत्त्वावर उभं करून कारखान्यात रांगेने काढायचं, हे लिओचं. १९५० मध्ये हे वाद्य एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या नावांनी आलं. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच होतं, त्यांनी हरकत घेतली. तेव्हा कारखान्यात छापील नावपट्टीतला 'ब्रॉडकास्टर' हा शब्द कात्रीने कापून टाकून काही महिने गिटारी बिननावाच्याच विकल्या गेल्या. मग १९५१ मध्ये नाव पडलं टेलिकास्टर. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. आज नवशिक्यांच्या किटमध्ये ज्या दोन आकारांची सर्वांत जास्त नक्कल होते ते हेच दोन.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे कारागिरी संपली, यंत्र आलं. असं झालं नाही. आणि या भागावर मी जरा रेंगाळणार आहे.

१९५० च्या दशकातली फेंडर गिटार घ्या, चार स्क्रू काढा, मान वेगळी करा. मानेच्या टाचेवर, म्हणजे जी बाजू खोबणीत कायम लपलेली असते तिच्यावर, पेन्सिलने लिहिलेलं सापडतं: दोन अक्षरं आणि महिना-वर्ष. त्यातली एक जोडी अतिशय प्रसिद्ध आहे, 'टी. जी.' तो टाडेओ गोमेझ, मानेला गोलाई देणारा कामगार. यंत्राने मान ओबडधोबड कापून दिली की तिला हाताला रुचेल असा पाठीचा आकार द्यायचं काम त्याच्यासारख्यांचं. प्लास्टिकची फळी उचलली की आत कधी चिकटपट्टीचा तुकडा असतो, त्यावर 'मेरी' किंवा 'ग्लोरिया' असं नाव. त्या वायरी जोडणाऱ्या बायका. ॲबिगेल इबारा ही १९५६ मध्ये कारखान्यात आली आणि पुढे अनेक दशकं पिकअप गुंडाळत राहिली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या कारखान्यात मेक्सिकन वंशाच्या कामगारांचा वाटा मोठा होता. जाहिरातीत यांतलं कुणी नव्हतं. डोक्यावर सोनेरी अक्षरांत एकच नाव होतं, फेंडर.

त्यांनी लिहिलं का? कारखान्याच्या दृष्टीने ती नोंद, कुठला भाग कुणी केव्हा केला याची. मानेवरची तारीख आणि धडातली तारीख बहुधा जुळत नाही, कारण माना एका ढिगात आणि धडं दुसऱ्या ढिगात. जोडणारा हाताला लागेल ती मान घ्यायचा. बदलता येणाऱ्या भागांचं तत्त्व म्हणतात ते हेच. तरीही त्याच तत्त्वावर चाललेल्या कारखान्यात प्रत्येक मानेच्या लपलेल्या बाजूवर एका माणसाची अक्षरं आहेत. आज संग्राहक त्या दोन अक्षरांसाठी मोजतात ती रक्कम टाडेओ गोमेझच्या हयातभराच्या पगाराशी लावून पाहावीशी वाटते. तो हिशेब मी करत नाही, राग येतो.

हे सगळं अमेरिकेत चाललं असताना इंग्लंडमध्ये एका मुलाला फेंडर परवडत नव्हती. त्याने आपल्याला या वादाचं दुसरं टोक मिळवून दिलं. मुलगा ब्रायन मे, वय सोळा, लंडनजवळच्या मिडलसेक्सचा. वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. ऑगस्ट १९६३ मध्ये बापलेकांनी घरातल्या एका खोलीत काम सुरू केलं, ते सुमारे दोन वर्षं चाललं. मान काढली एका जुन्या शेकोटीवरच्या फळीतून. त्या लाकडाला किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती आगकाड्या ठोकून बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. फ्रेटबोर्डवरच्या खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. तारा हलवून सूर थरथरवायची जी यंत्रणा असते, तिला जुन्या सुरीची पोलादी धार आणि मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. त्याचा दांडा सायकलच्या पिशवीच्या कडीचा, टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. पिकअपसुद्धा आधी घरी केले, पण तार ओढताना नको तो आवाज यायचा, म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे तीन विकत आणले. वर रस्टिन्सचं पारदर्शक प्लास्टिक कोटिंग. एकूण खर्च सुमारे आठ पौंड.

ही गिटार त्याने जन्मभर वाजवली. २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून वाजवली ती हीच. ज्या क्वीन बँडमध्ये तो होता त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता. तिथेच त्याचा पहिला वाद्यवृंद झाला. आणि प्राध्यापक म्हणून मला आवडणारी आणखी एक गोष्ट: मे याने अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएच.डी. २००७ मध्ये पुरी केली. ती सोडून तो संगीतात गेला तेव्हा वडील दुखावले होते. ज्यांनी हाताला धरून गिटार करवून घेतली त्यांनाच मुलाने ती पोटापाण्यासाठी वाजवणं पसंत नव्हतं. पुढे न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुलाचा कार्यक्रम पाहिल्यावर ते विरघळले.

मे याची गिटार पाहून लोक म्हणतात, ही खरी बनवलेली. मलाही तसंच म्हणावंसं वाटतं. पण पिकअप विकतचे होते हे विसरू नका. तारा, खुंट्या विकतच्या. फ्रेटची तार दुकानातली. 'सगळं स्वतः केलं' याची रेषा त्याच्याही बाबतीत कुठेतरी विकतच्या वस्तूंतून जातेच.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९६५ मध्ये लिओने कंपनी सीबीएसला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढच्या वर्षांत दर्जा घसरल्याची तक्रार वाढली. १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या मानेचे चार स्क्रू जाऊन तीन आले, सोबत मानेचा कोन बदलायची एक नवी सोय. कल्पना वाईट नव्हती, पण भागांचं माप सैल असलं की मान आडवी सरकायची, आणि वादकांनी दोष तीन स्क्रूंना दिला. या असमाधानातून सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. लॅरी डिमार्झिओने बदलून लावायचे पिकअप विकायला घेतले. डेव्हिड शेक्टरने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं दुकान काढलं. ओहायोतल्या अथेन्स गावात स्ट्युअर्ट-मॅकडोनाल्ड १९६८ पासून होतीच, वाद्यं बनवणाऱ्यांना भाग आणि हत्यारं पुरवणारी. लिओने दुरुस्तीसाठी केलेली सोय अशी त्याच्या कंपनीच्या हाताबाहेर गेली: मान एकाची, धड दुसऱ्याचं, पिकअप तिसऱ्याचे, आणि सगळं एकमेकांत बसतं.

याचा सर्वांत गाजलेला नमुना एडी व्हॅन हेलनची गिटार, जिला फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. त्याने स्वतः सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे धड ५० डॉलरचं, कारखान्याने बाजूला टाकलेल्या मालातलं; मान ८० डॉलरची. पिकअप एका गिब्सनमधून काढलेला, पॅराफिन मेणात बुडवलेला, म्हणजे मोठ्या आवाजात तो शिट्टी मारत नाही. रंग सायकलचा, चिकटपट्ट्या लावून पट्टे काढलेले. १९७८ मध्ये आलेल्या व्हॅन हेलनच्या पहिल्या रेकॉर्डवर जी गिटार ऐकून जगभरच्या वादकांची झोप उडाली, ती अशी जोडलेली होती. 'बनवली कसली, जोडली' म्हणणाऱ्यांनी ती एकदा ऐकावी.

आता आपण परत खोक्याकडे येऊ. यात नवशिक्यासाठी काय शिल्लक ठेवलंय ते बघा. जे मोजमापाचं आहे ते यंत्राने आधीच करून दिलं. फ्रेटच्या जागा, उदाहरणार्थ. तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मिलिमीटर धरली, फेंडरची हीच, तर पहिली फ्रेट वरच्या खाचेपासून साधारण ३६.४ मिलिमीटरवर येते, पुढची त्याहून जवळ, असं करत बारावी बरोबर मध्यावर. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये अठरा भागांचा सोपा नियम मांडला होता, आज बाराव्या घातमुळाने काढतात. सतारीचा पडदा बेसूर असला तर सरकवता येतो, तो बांधलेला असतो. गिटारीची फ्रेट ठोकलेली. चुकली की चुकली. म्हणून नवशिक्याच्या हातात ते काम देत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

एका ठिकाणी मात्र किटमध्ये करवत लागते: डोकं. पुष्कळ किटमध्ये मानेच्या टोकाला नुसती चौकोनी फळी असते, आकार तुम्ही कापायचा. नवशिक्याला वाटतं, कल्पकतेला वाव दिला आहे. कारण कायद्याचं आहे. फेंडरने आपल्या धडांच्या आकारांवर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मागितला, तो अमेरिकेच्या व्यापारचिन्ह मंडळाने २००९ मध्ये नाकारला. इतकी वर्षं इतक्या जणांनी ते आकार वापरले की ते आता कुणा एकाचे राहिले नाहीत, असा निकाल. डोक्याचा आकार मात्र फेंडरचं नोंदलेलं चिन्ह आहे. म्हणून किटमधलं धड हुबेहूब आणि डोकं कोरं! तुमच्या गिटारीचा एकमेव तुमचा आकार वकिलांमुळे तुमच्या वाट्याला आला आहे. घ्या की मग त्याचा फायदा. कापण्याआधी एवढं बघा की खुंट्यांची भोकं कडेच्या फार जवळ येत नाहीत.

दुसरं काम मान बसवण्याचं. आधी सगळं कोरडं जोडून पाहायचं, रंगाच्या आधी. मान खोबणीत ठेवून दोन टोकांच्या तारांच्या जागी दोरे ताणायचे. ते मानेच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. धडातली भोकं स्क्रूला सैल हवीत, मानेतली घट्ट. म्हणजे स्क्रू मानेला धडाकडे ओढतो. दोन्हीकडे पेच रुतला तर मधे फट राहते. मेपल कठीण, स्क्रू तुटतो, म्हणून आपले सुतार करतात तसं स्क्रूला साबण किंवा मेण लावायचं.

आणि मग रंग. इथे इतिहासाचा एक चमत्कारिक धागा आहे. जुन्या जगात वाद्याला चपडीचं पॉलिश, म्हणजे आपल्याच देशातल्या लाखेचं. स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोजचे प्रचंड कारखाने उभे राहिले. युद्ध संपल्यावर ड्युपाँट कंपनीने त्याच रसायनापासून ड्युको हा मोटारींचा रंग काढला, आणि जिथे मोटार वाळायला आठवडे लागत तिथे काम तासांवर आलं. फेंडरचे रंगीबेरंगी नमुने मोटारींच्या रंगपेट्यांतले: फिएस्टा रेड फोर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. रेडिओवाल्याची नजर, बंदुकीच्या दारूच्या नात्यातलं रसायन आणि मोटारीचा रंग, असं हे वाद्य.

नवशिक्याने धड आधी १८०, मग २४०, मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावं. ओल्या फडक्याने पुसावं, वाळल्यावर उठलेले रोम पुन्हा घासावेत. कुठे सरस सांडलेला असेल तर तो कोरडा असताना दिसत नाही आणि रंग चढल्यावर पांढरा डाग होऊन बसतो. ओलं फडकं तोही दाखवतं. ॲश किंवा महोगनी असेल तर छिद्रं भरायला लांबी किंवा फिलर, मग सीलर. मानेच्या खोबणीत चिकटपट्टी लावायची, आत रंग गेला तर मान बसत नाही. किंवा तिथेच एक काठी स्क्रूने लावायची, धरायला मूठ मिळते. थर पातळ, अनेक, आणि मधे वाट पाहायची. लॅकर बोटाला कोरडा लागला म्हणजे वाळला असं होत नाही. नाक जवळ नेऊन वास येतो का बघतात. वास आहे तोवर घासू नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लॅकर मारू नका, हवेतली ओल धरून थर पांढरट पडतो. फर्निचर पॉलिश करणारा कुठलाही कारागीर हे सांगेल. पावसाळ्यात करायचंच असेल तर तेलाचा हात द्यावा, बंदुकीच्या दस्त्यांना लावतात तशा वाळणाऱ्या तेलाचा. आणि स्प्रे मारताना तोंडाला चांगला मास्क, खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही. बंदुकीची दारू मी उगाच सांगितली नाही.

शेवटी जुळवणी. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दीड-पावणेदोन मिलिमीटर, मानेला आतल्या सळईने अगदी किंचित बाक, घोडीवरचा प्रत्येक तारेचा टेकू पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात आणायचा. फ्रेट एकसारख्या उंचीच्या नसतील तर तार एखाद्या ठिकाणी खरखरते. मिरजेच्या सतार करणाऱ्यांना जवारीबद्दल विचारा. घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचा. तंबोरा बोलू लागेपर्यंत. तिथे खरखर हवी असते आणि ती कशी हवी ते कान ठरवतो, इथे ती नको असते, एवढा फरक. पण काम एकाच जातीचं आहे. ते मापाच्या कागदावर उतरत नाही आणि कुठल्याही खोक्यात घालून पाठवता येत नाही.

तेव्हा तो मुलगा आणि त्याचा मित्र. मला विचाराल तर 'धड मी बनवलं' म्हणायचा हक्क मुलाला नाही; ते दूरच्या कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी यंत्रावर चढवलं आणि उतरवलं, आणि त्या माणसाचं नाव मानेच्या टाचेवर बहुधा लिहिलेलं नसतं. 'गिटार मी बनवली' हे मात्र त्याने खुशाल म्हणावं. खोक्यात गिटार नव्हती, हे राजा मिलिंदानेही मान्य केलं असतं. टाडेओ गोमेझ जे करायचा, म्हणजे यंत्राने दिलेल्या तुकड्याला हाताजोगं करणं, नेमकं तेच काम या मुलाच्या वाट्याला आलं आहे, फक्त त्याला पगार मिळत नाही आणि गोमेझच्या हाताचा सराव त्याच्यापाशी नाही.

मानेच्या टाचेवर नाव-तारीख लिहायची असेल तर सीलर लावण्याआधी, साध्या पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई लॅकरच्या थिनरमध्ये फुटते. आणि नव्या तारा दोन-तीन दिवस सैल होत राहतात, मानही ताणाखाली थोडी बसते. त्यामुळे जुळवणी केली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी मापं पुन्हा एकदा घ्या. बरं, आता प्रश्न असतील तर घेऊ.